पांढऱ्या फडक्याचं ताट

हरमल,
नाताळानंतरचा रविवार

प्रिय पिदाद,

तुझी मांय घरात आहे, आपल्या पायांनी हिंडते-फिरते आहे, हे आधी लिहून टाकते. नाहीतर पाकिटावर माझं अक्षर बघून तुझा जीव टांगणीला लागायचा. फोन असताना ही सुमंगला पत्र कशाला लिहिते, असंच तुझ्या मनात येणार. पण मांय जेवत नाही. म्हणजे काही दिवस नीट जेवते आणि काही दिवस घास तोंडाजवळ नेऊ देत नाही. हे कशामुळे होतं ते मला आता पुरतं कळलं आहे, आणि कळूनही माझ्या हातात काही नाही. फोनवर तू रडायला लागलीस की मला पुढचं बोलवत नाही. शिवाय तुझ्या कुवेतच्या मॅडमच्या घरातला फोन, मागे कुणीतरी उभं असतं. म्हणून लिहिते आहे. सुट्टीच्या दिवशी, एकटी असशील तेव्हा वाच.

आधी इथल्या नाताळाचं सांगते. तुला तेच हवं असतं, आणि सगळं तिथूनच सुरू झालं. फादर रोमाल्द आल्यापासून आपल्या इगर्जेचा डिसेंबर अख्ख्या वाड्याचा होऊन बसला आहे. पेडण्यात तुमची ख्रिस्ती घरं आधीच बोटांवर मोजण्याइतकी. फादर म्हणतात, येशूच्या गोठ्यात बैल आणि गाढव चालतं, तर शेजारपाजाऱ्यांनी काय घोडं मारलंय. शाळेला सुट्टी लागली तशी माझी निम्मी शाळा इगर्जेच्या हॉलमध्ये जाऊन बसली. जी पोरं वर्गात पाटीवर रेघ सरळ ओढत नाहीत ती तिथे बांबूच्या कामट्यांची चांदणीच्या आकाराची नखेत्रं, नाताळाचे कंदील, बांधत होती, आणि चांगली बांधत होती, याचा मला थोडा रागच आला. गोठ्यापुढे हिरवळ हवी म्हणून पोरांनी परातीत नाचणी पेरली होती. तिला पाणी घालण्यावरून रोज भांडणं. नाटकात जोसेफ झाला देवळातल्या गुरवाचा नातू. त्याला दाढी चिकटेना, तर त्याने ती सगळा वेळ हाताने धरून ठेवली.

आणि आमचे सगुणराव. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात सुपारी फोडायला सांगितली तर गुडघा दुखतो, पण फादरनी बोलावल्याबरोबर पखवाज खांद्याला लावून कॅरल गायला गावभर हिंडले. कॅरलला भजनी ठेका लागला. मलबारी मास्तर गिटार वाजवत होता, तो बिचारा मागे पडायचा आणि पळत येऊन गाठायचा. तुमच्यातली काही जुनी मंडळी कुरकुरली, आमच्यातलेही देवळाच्या कट्ट्यावर बसून कुरकुरले. दोन्हीकडचे कुरकुरणारे शेवटी दोदोल खायला एकाच बाकावर होते. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. तुझी फार आठवण झाली.

दोदोल म्हटलं की मांय. हॉलच्या मागच्या अंगणात तांब्याचं मोठं भांडं चुलीवर चढतं, आणि नारळाचा रस, गूळ, तांदळाचं पीठ हाताची हाडं मोडेपर्यंत ढवळायचं. त्या चुलीवर मांयचं राज्य. आपण परकरात असल्यापासून तिचाच हुकूम चालत आला आहे. ताटं भरण्याची तिची रीत तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण गोष्ट तिथेच अडते. मरण झालेल्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही, हे तुमच्यात आणि आमच्यात सारखंच. मांयने पहिल्यापासून ठरवून टाकलं की इगर्जेच्या चुलीवरची पहिली ताटं त्या घरांना जायची, मग ते घर कुणाचंही असो. त्या ताटांवर पांढरं फडकं, बाकीच्यांवर रंगीत. पांढरं ताट घेऊन जाणाऱ्याने घंटी वाजवायची नाही, दारात गाणं म्हणायचं नाही. माझी आई गेली त्या वर्षी आमच्याकडे ते ताट मांय स्वतः घेऊन आली होती. ताट ठेवलं आणि आईच्या रिकाम्या खाटेवर बराच वेळ बसून राहिली. मला त्या दिवशी पहिल्यांदा धड रडू आलं होतं.

यंदाही ती आली होती अंगणात. शेवंतीने हात धरून आणली. तुमच्या मागच्या घरची शेवंती गं, तीच आता दुपारची तिची पेज-भाजी बघते. मांयने पळी हातात घेतली आणि काय ढवळलं म्हणून सांगू, दोदोल कडा सोडायला लागला तो क्षण तिला अचूक कळला. हात सगळं विसरलेले नाहीत. पण मधेच माझ्याकडे वळून विचारलं, लग्न कुणाचं आहे. मी म्हटलं, नाताळ आहे मांय. ती हसली, मला वेड्यात काढल्यासारखी. तुला मी फोनवर म्हणत आले की वयाप्रमाणे थोडं विसरते. थोडं नव्हे, पिदाद. चहात दोनदा मीठ पडलं, मग एकदा गॅस तसाच चालू राहिला, तेव्हापासून सिलिंडर आम्ही बंद करून ठेवला आहे.

त्यामुळे यंदा तिच्या घरात काहीच तळलं गेलं नाही. नेवऱ्या नाहीत, कुलकुल नाहीत. चुलीवरच्या बायांना ते लागलं. जिने सगळ्या गावाला ताटं पाठवली तिच्याच घरी नाताळाचा घाणा नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की यंदाचं अगदी पहिलं ताट मांयला. मान म्हणून. आणि पहिली ताटं पांढऱ्या फडक्याखाली जातात, ही सवय हातांना इतकी झालेली की कुणीतरी पांढरं फडकं उचललं आणि झाकलं. कुणी, तेही आता कुणाला आठवत नाही. मीही तिथेच होते. कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शेवंती ताट घेऊन गेली, आणि पांढरं ताट म्हणून सवयीने घंटीही न वाजवता, गुपचूप आत जाऊन मांयच्या पुढ्यात ठेवलं.

शेवंती सांगते, मांयने फडकं वर केलं, आत बघितलं, पुन्हा नीट झाकलं आणि विचारलं, "आमच्या घरांत कोण मेलां गो?" शेवंती हसली. म्हणाली, कोण नाय गो मांय, तुझ्या मानाचं ताट. पण मांय ऐकत नव्हती, ती हिशेब लावत होती. तुझा बाप, पाय, तर कधीचा गेला. तुझा भाऊ इनास गेला, त्याला इगर्जेमागे पुरला तो तिला आठवतो. मग घरात उरलं कोण. उठून आत गेली आणि पायच्या वेळचा काळा झगा पेटीतून काढून अंगावर चढवला. आमच्या पोरांनी तुमच्या दारापुढच्या बाल्कांवात टांगलेलं नखेत्र दुसऱ्या दिवशी खाली काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. शेवंती तेव्हापासून मला भेटली की एकच विचारते, "बाय, मी काय वायट केलंय काय?" तिने तर चांगलंच केलं होतं.

तू गेलीस, असं मांयने धरलं आहे.

आम्ही गप्प बसलो असं समजू नकोस. नाताळाच्या सकाळी इगर्जेतली मीस संपल्यावर फादर तसेच झगा न काढता तुमच्याकडे आले. तिच्या शेजारी बसले, हात हातात घेतले, तुझा फोटो दाखवला, म्हणाले, पिदाद कुवेतला आहे, खुशाल आहे. मांयच्या तोंडावर जो उजेड आला, पिदाद, तो मी जन्मात विसरणार नाही. तिने काळा झगा उतरवला, केस विंचरायला लावले, तुझ्या खाटेवर धुतलेली चादर घातली आणि बाल्कांवात जाऊन बसली. जिवंत आहे म्हणजे येणारच. दुपार झाली, शेवंतीने पेज आणली. "पिदाद येवं दी, मागीर जेवतां." संध्याकाळ झाली, डास उठले, ती तिथेच. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की अर्धी उठायची. दुसऱ्या दिवशी तेच, पाण्याशिवाय पोटात काही नाही. मी रागावले, लाडीगोडी लावली, लहान मुलाला भरवावं तसं भरवून बघितलं. तोंड मिटून घेते. तुझ्याआधी कशी जेवेल, म्हणते, लांबून दमून येणार पोर.

मग कधीतरी तिला विसर पडतो, काळा झगा नजरेला पडतो, आणि तू पुन्हा गेलेली असतेस. तेव्हा रडते. मोठ्याने नाही, झग्याच्या टोकाने डोळे पुसत, इनाससाठी रडली होती तशी. आणि मग उठून पेज मागते. लोणच्याची फोड घेऊन वाटीभर पेज जेवते, माळ हातात घेऊन रोझार म्हणते आणि रात्रभर शांत झोपते. सकाळी कुणीतरी भला माणूस तिला सांगतो, अगो, तुझी पिदाद जिवंत आहे, आणि उपास सुरू. म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, या वयात असे उपास झेपणार नाहीत, दोन घास पोटात गेलेच पाहिजेत, बाकीचं औषध नंतर.

तुझ्या फोनवर माझी सगळी भिस्त होती. शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मुद्दामच गेले होते. रिसीव्हर तिच्या कानाला लावून म्हटलं, घे, पिदादच आहे, बोल. ती बोलली तुझ्याशी. तू नंतर मला विचारलंस, मांय आज परक्यासारखी का बोलते, आणि मी म्हटलं लाईन खराब आहे. लाईन खराब नव्हती. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "बरी बायल गो ती. दर शुक्रारा फोन करता. तिका मांय नसतली, नाजाल्यार माजी इतली चवकशी कित्याक करतली?" तुला आई नसेल म्हणून तिची चौकशी करतेस, असं ती समजली. तू तिथे परक्या म्हातारीला भरवतेस, न्हाऊ-माखू घालतेस, आणि इथे तुझी आई तुझ्यावर दया करत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ये, असं मी लिहीत नाही. तुझा पासपोर्ट मॅडमच्या कपाटात आहे आणि रजा उन्हाळ्यावर गेली, हे तू लिहिलंस ते मी फादरनाही वाचून दाखवलं. त्यांनी कुवेतच्या त्यांच्या ओळखीच्या पाद्रीला कळवलं आहे, पण त्यातून काही होईल असं त्यांच्या तोंडावरून वाटलं नाही. आणि खरं सांगू, तू आलीस तर ती तुला ओळखेल याची खात्री मला देता येत नाही. कदाचित ओळखेल. कदाचित तुला बसवून, पाणी आणून देईल आणि विचारेल, तू कुणाची गो.

काल मांय एकटीच इगर्जेत गेली. फादरना म्हणाली, माझ्या पिदादसाठी मरणाची मीस सांगा. फादर एवढे मोकळ्या मनाचे, कुणाला नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. जिवंत माणसाची मरणाची मीस मला म्हणता येणार नाही, असं ते मला नंतर म्हणाले. तिला इतकंच सांगितलं की पिदादचं नाव घेऊन मी रोज प्रार्थना करीन. देवाला ती कुठे आहे ते माहीत आहे, तेवढं पुरे, असं म्हणून त्यांनी स्वतःची सोडवणूक केली. पण मांय त्यांच्याकडून निघाली ती थेट माझ्याकडे आली. पायरीवर बसली आणि माझा हात धरून विचारलं, तू मास्तरीण, तू खोटं बोलायची नाहीस, माझी पिदाद खरीच गेली काय. मी म्हटलं, उद्या सांगते मांय. आज पुन्हा विचारलं. पुन्हा उद्या म्हटलं.

म्हणून हे पत्र. फादर म्हणतात, हे ठरवणं माझं नाही. डॉक्टर म्हणतात, घरच्यांनी ठरवा. घरची तू एकटी. पिदाद, मी तिला हो म्हणू का? एकदाच, नीट सांगून, तिच्याजवळ बसून, आणि मग गावात सगळ्यांना बजावून ठेवीन की कुणी तिला दुसरं काही सांगायचं नाही. ती तुझ्यासाठी रडेल, आणि जेवेल. तुझ्या परवानगीशिवाय तुला मारायला माझी जीभ उचलत नाही, आणि तू परवानगी दिलीस तरी उचलेल की नाही, देव जाणे. लवकर कळव. ती आत्ताही बाल्कांवात बसली आहे, आणि सकाळपासून उपाशी आहे.

तुझीच,
सुमंगला