सातवी खूण

२ सप्टेंबर, सोमवार

लिफ्ट बंद. सहा मजले चढून गेले. पाचव्या मजल्यावर कंपनीचा नवा फलक लागलाय: ‘चपळ व्हा’. झालेच की!

चिमणी सकाळीच टेबलापाशी येऊन उभी. माझ्या हाताखालची सर्वांत लहान पोरगी. आवाज इतका बारीक की नाव आपोआप पडलं. काम मात्र तिघांचं करते. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याला महिना झाला. घरात दुसरं कोणी नाही. सहा महिने घरून काम करू द्या, असा अर्ज केलाय, त्यालाही तीन आठवडे होऊन गेले. वडिलांजवळ ठेवलेली बाई वीस तारखेपर्यंतच आहे.

“तोवर झालं नाही तर राजीनामा देते, मॅडम,” म्हणाली. रडली असती तर मी रागावले असते. रडली नाही.

म्हटलं, “राजीनामा-बिजीनामा काही नाही. नियम आहे, अर्ज आहे, मंजुरी मिळेल. पळून जायचं नाही.”

ती बसते ती शेजारणीची जागा. चौदा वर्षं शेजारीण तिथे बसली, माझ्या कोपराला कोपर लावून. डबा एक, छत्री एक, वरच्यांची टिंगलही एकत्रच. आणि सहा वर्षांपूर्वी एक दिवस राजीनामा टाकून निघून गेली. कारण नाही, निरोप नाही. शेवटचे पंधरा दिवस तर माझ्याशी धड बोललीही नाही. मीही मग फोन केला नाही. पळपुट्या माणसांना मी फोन करत नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

चिमणीच्या अर्जाची चौकशी केली. आमच्याकडे अर्जाला मंजुरीच्या सात खुणा लागतात. पहिली माझी. ती मी अर्ज आल्यावर अकरा मिनिटांत दिली होती, वेळ नोंदलेली आहे. मधल्या पाच कुरकुरत का होईना, झाल्या. सातवीसमोर लिहिलंय: ‘मंजुरी अधिकारी ७ यांच्याकडे प्रलंबित’.

हा कोण बुवा? नाव नाही, फोन नाही, मजला नाही.

घरी ह्यांना सांगितलं. निवृत्त झाल्यापासून ह्यांना माझ्या ऑफिसातलं सगळं ऐकायचं असतं. म्हणाले, “तुमच्याकडे चहात साखर घालायला किती खुणा लागतात, बाईसाहेब?”

चहा बिनसाखरेचा दिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

दिवसभर पायपीट. मनुष्यबळवाले म्हणाले सुरक्षा विभागाला विचारा. सुरक्षावाले म्हणाले इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारा. तो म्हणाला, “मनुष्यबळात गेला होता का?” चाळीस वर्षांची कंपनी, नऊ मजले, आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवून उभे.

मनुष्यबळातली नवी मुलगी शेवटी हळूच म्हणाली, “मॅडम, सात नंबर म्हणजे भुताटकी आहे. नेहमीच्या नियमात न बसणारं काहीही मागितलं की अर्ज तिकडे जातो. गेला की गेला. आम्ही तर लोकांना आधीच सांगतो, तसलं काही मागूच नका.”

मला हे माहीत कसं नाही? माहीत असण्याचं कारणच नाही. अठ्ठावीस वर्षांत मी कंपनीकडे काही मागितलेलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

साप्ताहिक बैठक. बघूयासाहेब (माझे वरिष्ठ, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, प्रत्येक गोष्टीला ‘बघूया’) नेहमीप्रमाणे आलेख दाखवत होते. मी मध्येच उभी राहिले. म्हटलं, “या कंपनीत सात नंबर म्हणून कोणी एक महाभाग आहे. अर्जांवर अंडी उबवत बसलाय. एका मुलीची नोकरी त्याच्यापायी जाणार आहे. जो कोणी असेल त्याला लाज वाटली पाहिजे.”

मागच्या रांगेतले दोघे जुने प्रोग्रामर एकदम आपल्या बुटांकडे बघायला लागले. मला पाठीमागे ‘हेडमास्तरीण’ म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणोत.

साहेब म्हणाले, “बघूया.”

“नुसतं बघूया नको. बघा.”

१० सप्टेंबर, मंगळवार

चिमणीने राजीनामा लिहून ठेवलाय. मी वाचला, चांगला लिहिलाय असं सांगितलं, आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

अर्जांचा प्रोग्राम सांभाळणारा माणूस तळघरात बसतो, असं सफाईवाल्या मावशींकडून कळलं. मनुष्यबळाला ठाऊक नाही, मावशींना ठाऊक! गेले. ट्यूबलाइटच्या उजेडात एका कुंडीत रोप वाढवत बसला होता. टक्कल, स्वेटर, माझ्याच वयाचा. सोळा वर्षं तिथे आहे म्हणे. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

“सात नंबर कोण?”

त्याने काहीतरी टाइप केलं. स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत स्क्रीनकडे.

“बसा, मॅडम.”

“उभी बरी आहे. नाव सांगा.”

“तुम्ही.”

“मी काय?”

“सात नंबर.”

बसले.

नऊ वर्षांपूर्वी आमचे जुने साहेब निवृत्त झाले. जाता जाता ‘दोन आठवड्यांपुरतं’ म्हणून माझं नाव घालून गेले. मी तेव्हा पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते, मला सांगायचं राहिलं. सूचना जायच्या विभागाच्या जुन्या मेलवर. विभागाचं नाव बदललं, तो मेल बंद झाला, सूचना जातच राहिल्या.

“आणि कोणाला पत्ता नाही?”

“होता ना. आधी स्क्रीनवर अधिकाऱ्याचं नावच दिसायचं. लोक नाव बघून जायचे आणि भांडायचे. फार तक्रारी झाल्या म्हणून चार वर्षांपूर्वी नावं काढून नंबर घातले.”

“मग माझ्याशी कोणी कसं भांडलं नाही?”

तो कुंडीला पाणी घालायला लागला. पाणी आधीच काठापर्यंत आलेलं होतं.

“तुमच्याशी कोण भांडणार, मॅडम?”

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तळघरवाल्याने पासवर्ड दिला. सगळ्यांत आधी चिमणीच्या अर्जाला सातवी खूण दिली. म्हणजे एकाच अर्जाला मी अकरा मिनिटांत मंजुरी दिली आणि मीच नंतर आठवडेच्या आठवडे तो दाबून ठेवला.

तिला राजीनामा परत दिला. तिने त्याचे चार तुकडे केले, आणि मग त्या बारीक आवाजात इतकी हसली की बघूयासाहेब खोलीबाहेर आले.

बाकी दोनशे बारा अर्ज.

१४ सप्टेंबर, शनिवार

घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. हे समोर मटार सोलत बसले. मी एकेक वाचून दाखवत होते. एकाला डावखुऱ्यांचा माऊस हवा होता. तो निवृत्त झाला. एकाला मूल झालं म्हणून अकरा दिवस रजा हवी होती; ते मूल आता शाळेत जातं. एकीने खिडकीजवळची जागा मागितली होती. ती भिंत बघत सात वर्षं बसली आहे, रोज मला नमस्कार करते. एकाने तर तीनदा अर्ज केलाय, तिन्ही वेळा ‘कृपया’ आणखी एकेक वाढवून.

हे आधी हसत होते. मग हसायचे थांबले.

एकशे चाळिसावा शेजारणीचा निघाला.

‘आठवड्यातून तीन दिवस दुपारी दोनला निघण्याची परवानगी मिळावी. सकाळी लवकर येऊन तास भरून देईन. कारण: यजमानांचे डायलिसिस. याची विभागात वाच्यता होऊ नये ही विनंती.’

खाली तारीख. राजीनाम्याच्या तीन आठवडे आधीची.

हा मी ह्यांना वाचून दाखवला नाही. हे म्हणाले, “काय झालं?” म्हटलं, “डोळे दुखले.”

१६ सप्टेंबर, सोमवार

बैठकीत उभी राहिले. म्हटलं, “मागच्या सोमवारी मी ज्याला लाज वाटली पाहिजे म्हणाले, ती मीच. लाज वाटते आहे. जे अजून इथे आहेत त्यांचे अर्ज आज निकाली निघतील.” बसले. बघूयासाहेबांना ‘बघूया’सुद्धा सुचलं नाही. भिंतीसमोरची ती मात्र डोळे पुसत होती, की हसत होती, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे संपवले. गेलेल्यांचेही. अर्ज नुसता काढून टाकता येत नाही. ‘मंजूर’ नाहीतर ‘नामंजूर’, दोनच बटणं. गेलेल्या माणसांच्या अर्जांवर ‘नामंजूर’ दाबत गेले. काय फरक पडतो आता?

शेजारणीच्या अर्जावर बोट ‘नामंजूर’वर जाईना. ‘मंजूर’ दाबलं. खाली अक्षरं आली: ‘अर्जदारास मोबाइलवर कळवले आहे.’

अरे देवा.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी सातला फोन. सहा वर्षांनी तो आवाज.

“माझा अर्ज मंजूर झालाय म्हणे. सोमवारपासून रुजू होऊ का?”

यजमान बरे आहेत म्हणाली. किडनी मिळाली, पाच वर्षं झाली, आता दिवसभर तिच्या चुका काढतात. मग मी सगळं सांगितलं. जुने साहेब, बंद पडलेला मेल, तळघर, दोनशे बारा.

ती म्हणाली, “तेव्हा स्क्रीनवर तुझं नाव दिसायचं गं. तुझ्या शेजारी बसून रोज अर्ज उघडून बघायचे.”

आणि मग, “म्हणजे तू नाही म्हटलं नव्हतंस.”