आप्पांची विजेची बरणी

रत्नागिरी, ता. १२ जुलै १९३१

चि. रघूस मथुराताईचे अनेक आशीर्वाद. इकडील क्षेम यथातथाच. तुझे लिहीत जावे.

एप्रिलात आप्पा पडले तेव्हा मी लिहिलेल्या पत्राला तुझ्या चार ओळी आल्या, पुढे काही नाही. त्यांचे उजवे अंग अजून लुळेच आहे. वाचाही नाही. ऐकू येते, सगळे समजते, पण घरात बोलणारी मी एकटी. कधीकधी माझ्याच आवाजाची लाज वाटते आणि मी तासन्‌तास गप्प बसते. हे गेल्यावर मी माहेरी परत आले, त्यानंतरच्या सहा वर्षांत आप्पांनी मला एक दिवस गप्प बसू दिले नव्हते.

काल त्यांनी डाव्या हाताने कपाट दाखवले. शाळेत तीस वर्षे सायन्स शिकवले ते सामान त्यात आहे : लोलकांचे गोळे, एक काळा दांडा आणि आतून-बाहेरून कथलाचा पत्रा लावलेली, वर पितळी गोळी असलेली काचेची बरणी. त्यांनी खुणेने सांगितले तसा दांडा फ्लॅनेलवर घासला, गोळीला लावला. काहीच झाले नाही. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मी पडले मराठी चौथी. तू बी. एस्सी.ला आहेस, तर काय चुकते ते कळव. प्रकृतीस जपावे.

तुझी ताई, मथुरा

मुंबई, ता. २४ जुलै १९३१

ती. ताईस रघूचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

चूक तुझी नाही, पावसाची आहे. आपल्याकडच्या ओल्या हवेत काचेवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यावरून वीज निसटून जाते. उत्तरेचा कोरडा वारा सुटेपर्यंत थांब.

ती बरणी म्हणजे कंडेन्सर. आतल्या पत्र्यावर एका जातीची वीज साठते, बाहेरच्यावर उलट जातीची. दोघींची एकमेकींकडे ओढ असते, पण मधली काच भेटू देत नाही. सगळा ताण त्या काचेत. काच जितकी पातळ, पत्रा जितका मोठा, तितकी जास्त वीज मावते.

तोवर लोलक टांग. दोरीची लांबी आढ्यापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, एकोणचाळीस इंच. जाऊन-येऊन एक झोका धर. दोन मिनिटांत साठ भरतील. गोळा जड की हलका, याने फरक पडत नाही. चौथी शिकलेल्या बाईला येईल असे आहे, घाबरू नकोस!

खोली बदलली आहे, पत्ता मागे लिहिला आहे. येणे मात्र इतक्यात जमत नाही. आप्पांना माझे काही सांगू नकोस. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नये.

रघू

रत्नागिरी, ता. २५ सप्टेंबर १९३१

चि. रघूस अनेक आशीर्वाद.

माजघरातल्या वाशाला लोलक टांगला. आधी शिशाचा गोळा, मग लाकडाचा. दोन्हींचे साठच भरले! मग लांबी चौथाई केली, पावणेदहा इंच, तर एका मिनिटातच साठ. मी घड्याळ धरून मोजते आणि आप्पाही डाव्या हाताचे बोट खाटेच्या कडेवर आपटत मोजतात. एकदा माझे एकसष्ट आले तर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मोजायला लावले. चूक माझीच होती. दुपारचे दोन तास असे जातात. उरलेला दिवस जात नाही.

आता जे लिहिते ते रागावून नव्हे. शेजारचा विठू गणपतीला मुंबईहून आला. म्हणाला की तो तुला भेटायला कॉलेजात गेला होता, तर तिथे सांगितले की तू मार्चपासून येतच नाहीस. विठूला मी गप्प राहायला सांगितले आहे. आप्पांना ठाऊक नाही. पण माझ्यापासून तरी लपवू नकोस रे. आपल्याला दुसरे कोण आहे?

उत्तराची वाट पाहते.

मथुराताई

मुंबई, ता. २९ नोव्हेंबर १९३१

ती. ताईस शि. सा. न.

दोन महिने उत्तर दिले नाही. क्षमा मागायलाही तोंड नाही.

मार्चात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मला लोलकच आला होता. झोके मोजताना आकडा चुकला. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. सगळे माझ्याकडे पाहताहेत असे वाटले आणि मी उठून बाहेर आलो. पुढच्या पेपरांना गेलोच नाही. आता गिरगावात रेडिओच्या दुकानात कामाला आहे. बंद पडलेल्या यंत्रांतले कंडेन्सर बदलतो. दिवसभर परक्या लोकांचे आवाज ऐकतो, पण माझ्याशी बोलणारे कोणी नाही.

खरे ते पुढेच आहे. तीन एप्रिलला मी आप्पांना पत्र टाकून सगळे कळवले होते. रागाने भलतेसलते लिहिले, की तुमच्या सायन्सपायी माझा जन्म फुकट गेला. मंगळवारी आप्पा पडल्याचे तू लिहिलेस. पत्र सोमवारी पोचले असणार. ताई, आप्पांची ही दशा मी केली आहे. त्यांच्यासमोर कसा येऊ?

रघू

रत्नागिरी, ता. ५ डिसेंबर १९३१

चि. रघूस उदंड आशीर्वाद.

आधी हे वाच. तुझे ते पत्र आप्पांनी कधी पाहिलेच नाही.

तू असे काही लिहिले होतेस हे मलाही ठाऊक नव्हते. आजारपणाच्या गडबडीत शेजारच्या गंगूकाकू टपाल घेत आणि आप्पांच्या मेजाच्या खणात टाकीत. आज खण उपसला. पाकीट मिळाले, तसेच चिकटवलेले. वर रत्नागिरीचा शिक्का नऊ एप्रिलचा, गुरुवारचा. आप्पा पडले सात तारखेला. टपाल कुठे अडकले देव जाणे, पण तुझे पत्र येण्याआधी दोन दिवस ते अंथरुणाला खिळलेले होते. आठ महिने तू उगीच जळत राहिलास.

पाकीट आप्पांसमोर धरले आणि फोडू का म्हणून विचारले. त्यांनी मान डोलावली. मी वाचले. ते भलतेसलते गाळावे असे मनात आले, पण गाळले नाही. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आले. मग तू मला लिहिलेले परवाचे पत्रही वाचून दाखवले. ते संपल्यावर त्यांनी पाटी मागितली. डाव्या हाताने बराच वेळ खटपट करून एकच अक्षर काढले : ‘ये’. मी सुचवले नव्हते.

आणखी एक. चार दिवसांपासून कोरडा वारा सुटला आहे. काल बरणी भरली. माझे बोट चुकून गोळीला लागले, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि मी मटकन खाली बसले. आप्पा हसले रे, अर्ध्या तोंडाने, पण हसले.

मथुराताई

मुंबई, ता. १० डिसेंबर १९३१

ती. ताईस शि. सा. न.

तुझे पत्र दुकानात वाचले. हातातले काम खाली पडले. मालकांनी विचारले की घरी काही वाईट झाले का. घरी जायचे आहे एवढेच म्हणालो.

शनिवारच्या आगबोटीने निघतो. कायमचा की थोड्या दिवसांसाठी, ते माझे मलाच अजून ठाऊक नाही. आप्पांना काय म्हणायचे तेही ठरवलेले नाही. त्यांच्या पायांशी बसेन.

रात्री तुझी सगळी पत्रे पुन्हा वाचली. माझी उत्तरेही आठवून पाहिली. तू कशी आहेस, हे मी एकदाही विचारलेले नाही. आलो की विचारीन. तू खरे तेच सांग, कितीही वेळ लागला तरी.

तुझा रघू