बाटली दाबून पाहण्याचे दिवस

प्रिय ग्लेनिस आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्यालाही वेगळा नमस्कार, कारण होबार्टच्या घरात हल्ली त्याचाच हुकूम चालतो असं कळलं. जिना चढता येतो का? थंडीत ठणकतो का? लेकीला सांग, सूपमध्ये मीठ जरा हात राखून घालत जा. (मी तिच्या हातचं सूप एकदा प्यायलोय. पोहताना समुद्राचं पाणी नाकातोंडात जातं, ते त्यापेक्षा बरं.) इकडे मी ठीक, कोंबड्या ठीक. सकाळी छपरावर दहिवर गोठलेलं असतं आणि नदी दुपारपर्यंत धुक्यातून बाहेर येत नाही. मीसुद्धा अंथरुणातून तसाच येतो.

पत्राचं कारण म्हणजे तुझे आभार. लेकीकडे जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन तू म्हणाली होतीस, "शेडमध्ये आमच्या नेव्हचं बिअरचं पिंप पडलंय, ते लाव कामाला. बिअर मुरेपर्यंत तरी तू एका जागी बसशील." तेव्हा मला ते टोमण्यासारखं लागलं. (टोमणाच होता.) सफरचंदाची तोडणी संपली, सगळे उत्तरेला उन्हात गेले, आणि मी मागे राहिलो तो काही तुझ्या घरावरच्या मायेने नाही, तर माझ्याबरोबर तोडणीला असलेल्या रीसची व्हॅन गॅरेजात अडकली होती म्हणून. ती दुरुस्त झाली की आम्ही क्वीन्सलंडला सुटणार होतो. दुसरीकडे तू बागेच्या मालकिणीकडे माझ्यासाठी छाटणीच्या कामाचा शब्द टाकून ठेवलेला. इतकी वर्षं पाठीला पिशवी लावून फिरतोय, पण कुणी माझ्यासाठी शब्द टाकल्याचं आठवत नाही. तेव्हा मी रीसला सांगून टाकलं की बिअर जमली तर मी राहीन आणि छाटणी शिकेन, फसली तर त्याच्याबरोबर जाईन. एवढा मोठा निर्णय यीस्टवर सोपवू नये म्हणा, पण आजवर मी असले निर्णय नाणं उडवून घेतलेत. त्या मानाने यीस्ट जिवंत तरी असतं.

बिअरसाठी सातूच्या माल्टचा डबा आणला. तो पाक इतका चिकट की पिंपात निम्मा गेला आणि उरलेला माझ्या कोपरांपर्यंत आला. (कोपराला कोंबडीने चोच मारून पाहिली आणि तिचा चेहराच बदलला. तिने नंतर घातलेलं अंडं नेहमीसारखंच होतं, काळजी नको.) पिंपातलं बुडबुडणं थांबल्यावर शेजारचे लायलकाका टोपणं ठोकायचं यंत्र घेऊन आले. प्रत्येक बाटलीत साखरेची गोळी टाकायला लावली, म्हणजे यीस्ट ती खाऊन बाटलीत गॅस धरतं. बाटल्या सगळ्या काचेच्या, पण एक मात्र त्यांनी मुद्दाम प्लास्टिकची भरायला सांगितली. काचेच्या आत काय चाललंय ते कळत नाही. प्लास्टिकची मात्र अंगठ्याने दाबता येते. मऊ लागली तर थांब, दगडासारखी झाली की समज सगळ्या झाल्या. मी बाटल्या शेडमध्ये ठेवायला निघालो तर म्हणाले, "अरे, ते यीस्ट आहे, पेंग्विन नाही. उबेला ठेव." ठेवल्या. (कुठे, ते नंतर सांगतो.)

तेव्हापासून त्या एका बाटलीवर सगळ्या रस्त्याचा जीव जडला. टपालवाली नोरीन पत्रं देऊन झाली की आत यायची, वैद्याने नाडी बघावी तशी डोळे मिटून बाटली दाबायची आणि म्हणायची, "अजून पोर कच्चं आहे." गॅसच्या नळकांड्या पोचवणाऱ्याने दाबली. तुझ्या चर्चमधल्या दोन बायका तुझी चौकशी करायला म्हणून आल्या, त्यांनीही दाबली. बाटली आपली उशीसारखी मऊ. मला तर काळजीने जेवण जाईना. मी सकाळ-संध्याकाळ टोपण जरासं सैल करून वास घ्यायचो, आत बारीक फुस्स व्हायचं, तेवढाच धीर. मग पुन्हा घट्ट लावून टाकायचो.

अशात रीसची व्हॅन बरी झाली. दारात हॉर्न, आणि साहेब आत. त्याने बाटली दाबली.

"लेका, ही तर माझ्या आजीच्या गालाहून मऊ आहे. चल, पिशवी उचल."

"अजून दोन दिवस बघू या की."

"दोन दिवसांनी आजी तरुण होते का?"

पिशवी व्हॅनमध्ये टाकली, कोंबड्यांची निरवानिरव करायची म्हणून आणि यंत्र परत द्यायचं म्हणून लायलकाकांकडे गेलो. सोबत ती बाटलीही नेली, पुरावा म्हणून. काकांनी दाबली, उजेडात धरली, टोपणाकडे बघितलं.

"हे उघडत होतास का रे?"

म्हटलं, रोज, पण जरासंच.

काका इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. "अरे पोरा, मग तिने गॅस धरायचा कधी? एक दिवस तरी स्वस्थ बसू दिलंस का तिला? पेरलेलं रोज उकरून बघायचं आणि वर म्हणायचं, माती खराब."

मग काठी टेकत स्वतः आले आणि काचेची एक बाटली उघडली. आत्या, काय आवाज झाला म्हणून सांगू. फेस बाटलीच्या गळ्यातून काकांच्या मनगटावर, तिथून त्यांच्या कुत्र्यावर. पेला भरला तरी वर फेस उभा, टोपी घालून आल्यासारखा. चव म्हणशील तर थोडी ओल्या पुठ्ठ्याची होती. रीसने घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणाला, "वाईट आहे. पण बिअर आहे." आणखी एक पेला घेतला, रात्री सोफ्याशेजारी जमिनीवर झोपला, आणि सकाळी निघताना माझी पिशवी त्यानेच उतरवून पायरीवर ठेवली. म्हणाला, "छाटणी कर. झाडं तुला सोडून पळणार नाहीत, तू पळालास तर बघ."

तेव्हा पिंपाबद्दल, घराबद्दल, टाकलेल्या शब्दाबद्दल आणि त्या टोमण्याबद्दलही, मनापासून आभार. गुडघ्याला जप.

तुझा,
लॅकी

ता.क. छाटणी सुरू झाली. मी छाटलेल्या पहिल्या झाडाकडे मालकीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्या झाडावर शीक."

ता.क. २. उबेची जागा सांगायची राहिली. तुझा पलंग. बाटल्या विजेच्या ब्लँकेटखाली आडव्या आहेत, मी सोफ्यावर झोपतो. एकच फुटली, आणि तीही तुझ्या बाजूला नाही, नेव्हकाकांच्या. काल दुसरा घाणाही भरून झोपवलाय. त्यामुळे डॉक्टर काहीही म्हणोत, माझ्या मते गुडघ्याला होबार्टमध्ये अजून थोडी विश्रांती हवी. घाई करू नकोस.

ता.क. ३. मागच्या खोलीच्या दारामागे कोट अडकवायला एक खिळा ठोकलाय. आधी विचारायला हवं होतं. राहू दे ना?