जिंकलेला डाव आण

बाई, पंधरवड्यापूर्वी एका मुलाला मी तुमचं वाक्य ऐकवलं आणि तो माझ्यावर रुसला. मुलगा म्हणजे चांगला तिशीतला, नोकरी करणारा, मूळचा धुळ्याचा आणि आता पुण्यात राहणारा माणूस आहे. पण बुद्धिबळ शिकायला आला की कुणीही मुलगाच होतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. तुमच्या वेळी हे नव्हतं म्हणून आधी सांगून टाकते. आता पट फोनवर असतो, समोरचा कुठल्या देशात बसलाय ते कळत नाही, आणि प्रत्येक डावानंतर कोण किती पाण्यात आहे याचा एक आकडा वरखाली होतो. या मुलाचा आकडा भलताच वरचा आहे, माझ्याहूनही वरचा. पण बरेच दिवस तो तिथेच अडकलाय. यंदा वर सरकलो नाही तर खेळणंच सोडतो, असं म्हणून त्याने मला हरलेल्या डावांची चळत पाठवली, प्रत्येकाला यंत्राने काढलेल्या चुका जोडून. मी म्हटलं, "हरलेले नकोत. जिंकलेला डाव आण." तो म्हणाला, "मॅडम, जिंकलेल्यात काय बघायचं? तो तर जिंकलाय." मी हेच वाक्य, याच तोऱ्यात, तुमच्यासमोर बोलले होते. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

तुमचं ते जळगावचं स्वयंपाकघर मला अजून आठवतं. शाळेमागच्या दोन खोल्या, त्यातली आतली. मी आठवीत भडगावहून जळगावला आले, तेव्हा तुम्ही आम्हाला भूगोल शिकवत होता. मैदानावर चिखल म्हणून एकदा खेळाचा तास वर्गातच झाला, तेव्हा मी एका मुलीशी बुद्धिबळ खेळत होते आणि तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. डाव संपल्यावर एवढंच म्हणालात, "रविवारी घरी ये." तेव्हापासून रविवारी मी तुमच्याकडे. पट पाटावर मांडलेला, मी जमिनीवर, आणि तुम्ही शेगडीपाशी भरताची वांगी भाजताय. मी चाल मोठ्याने सांगते, तुम्ही न बघता उत्तर देता, तुमची सोंगटीही मीच हलवते. वांग्याची साल तडतडते. तुम्ही देठ धरून ते ताटात घेता, बोटं पाण्यात बुडवून साल सोलता, आणि मध्येच म्हणता, "तो घोडा परत घे. तिथे त्याला जोर नाही." जोर म्हणजे पाठीराखा, कुणी मारलं तर उलट मारायला मागे आपलं माणूस हवं. मी घोडा परत घेते. चाल चांगली असली तर तुम्ही म्हणता, "बरं." चाल फारच चांगली असली तरीही "बरं"च. त्या "बरं"मधला फरक ओळखायला मी कान टवकारून बसत असे, आणि तो कधी सापडला नाही.

सोंगट्या तुमच्या जुन्या लाकडी, साक्रीच्या माहेरून आणलेल्या. एक काळं प्यादं हरवलेलं, त्याच्या जागी तुम्ही सुपारी ठेवायचात. मला तिची गंमत वाटे. काळ्या सोंगट्या माझ्याकडे आल्या की मी त्या सुपारीनेच मात करायचा प्रयत्न करी. तुमच्या ते लक्षात आलं असणार, कारण तुमच्या नजरेतून काही सुटत नसे.

ही खोड मला भडगावहून लागलेली. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, ओसरीवर देशी पद्धतीने खेळत. त्यांच्या पटावर मात कोणत्या सोंगटीने केली, याला महत्त्व होतं. वजिराने किंवा हत्तीने मात केली तर लोक नुसती मान हलवत. प्यादेमात केली, म्हणजे सगळ्यांत हलक्या सोंगटीने राजा कोंडला, तर तो डाव गावभर सांगितला जाई, आणि हरलेल्याला उरलेला उन्हाळा ऐकून घ्यावं लागे. मी पहिल्यांदा आबांवर वजिराने मात केली आणि उड्या मारल्या, तेव्हा आबा गालातल्या गालात हसले. "हाई काय मात शे? वजीरनी मात त कोनी बी देस. प्यादानी दे, तवय तू खरी." मला तेव्हा जेमतेम चाली येत होत्या. पण ते डोक्यात असं बसलं की पुढे मी तुमच्याकडे नवे नियम शिकले, पहिल्या चालीला प्यादं दोन घरं चालवायला शिकले, पण आबांचा निकाल काही डोक्यातून गेला नाही. जिंकणं वेगळं आणि खरी ठरणं वेगळं, असं मी धरून चालले होते.

मग धुळ्याची स्पर्धा. दहावी संपलेली, उन्हाचा नुसता फुफाटा, एका शाळेच्या हॉलमध्ये पंखे गरगरतायत आणि वारा म्हणून लागत नाही. शेवटचा डाव जिंकला तर राज्य स्पर्धेला पुण्याला जायचं. वडिलांनी आधीच सांगून ठेवलेलं, निवड झाली तर पुढे खेळ, नाहीतर हे खूळ इथेच बंद. समोर धुळ्याचीच एक कॉलेजातली मुलगी होती, शांत आणि चिवट. पण डाव माझ्या बाजूने वळला. तिचा राजा कोपऱ्यात, माझा वजीर मोकळा. शेवटच्या ओळीत नेला की मात. मला ते दिसलं होतं, बाई. दिसलं नव्हतं असं मी कधीच म्हटलं नाही. पण मला त्याच क्षणी हेही दिसलं की कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, तर त्याच्या पुढच्या चालीला प्यादेमात होते. मी प्यादं सरकवलं. तिने जराशाने राजाशेजारचा हत्ती हलवला, आणि मी प्याद्याने मात केली. एक म्हातारे पंच जवळ येऊन पटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्यादेमात. किती वर्षांनी बघितली." आजूबाजूच्या चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा एक डबा मिळाला, आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पिशवी आवरत होता.

परतीच्या एस.टी.त पारोळा येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी डबा मांडीवर धरून वाट बघत होते, निदान "बरं" तरी येईल म्हणून. मग तुम्ही खिडकीबाहेर बघतच विचारलं, "वजिराची मात दिसली होती?" मी हो म्हटलं. "आणि तिचा घोडा?" घोड्याचं मला कळेना. तुम्ही तळहातावर बोटाने घरं आखून दाखवली: मी प्यादं सरकवलं त्या चालीला तिचा घोडा उडी मारून मला शह देऊ शकत होता, आणि त्याच उडीत माझा वजीरही त्याच्या माऱ्यात आला असता. तिने ते पाहिलं नाही म्हणून मी जिंकले. मी म्हटलं, "पण जिंकले ना?" शाळेत तुम्ही कायम शुद्ध, पुस्तकी बोलायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा तुमची साक्रीची बोली माझ्यावर आली. "तुले जिंकनं नही, दखाडनं शे. बठ्ठास्ले दखाडनं शे." सगळ्यांना दाखवायचंय, हे ऐकून मागच्या बाकावरची बाई हसली. एरंडोलपर्यंत मी डोळे पुसत होते आणि तुम्ही ते पाहून न पाहिल्यासारखं केलंत. मला तुमचा भयंकर राग आला होता. आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट मी केली होती, आणि ती बघायला आलेल्या एकुलत्या एका माणसाला ती आवडली नव्हती.

पुढे पुण्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी हरले, आणि हुबेहूब तशीच हरले. जिंकलेला डाव, समोर साधी मात, मी प्याद्याची सजवायला गेले, आणि समोरच्या मुलीला घोडा दिसला. परत आल्यावर तो हरलेला डाव मी तुमच्या पाटावर मांडायला लागले, तेव्हा तुम्ही हात आडवा घातलात. "हा कशाला आणलास? यात चूक तिला सापडली, मला काय सापडायचंय? धुळ्याचा आण. जिंकलेला डाव आण." मी म्हटलं, "जिंकलेल्यात काय बघायचं, तो तर जिंकलाय." तेव्हा तुम्ही तवा खाली उतरवून माझ्यासमोर येऊन बसलात, तुम्हाला पटासमोर बसलेलं मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं. म्हणालात, हरलं की माणूस आपणहून चुका शोधतो. जिंकलं की चूक तशीच राहते आणि वाढते. मग आपण माझे जिंकलेले सगळे डाव एकेक करून बघितले. जवळजवळ प्रत्येकात कुठेतरी मी नटले होते, आणि समोरच्याने ते चालवून घेतलं होतं. ते उन्हाळे फार कडू गेले, पण माझा खेळ सुधारला तो त्यांच्यामुळेच. पुण्याला हरल्यावर वडील पुन्हा खेळ बंद म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांना येऊन भेटलात आणि एवढंच म्हणालात की पोरीला अजून वर्षभर खेळू द्या, मग ठरवा. त्यांनी मग काही ठरवलंच नाही. त्या एका वाक्यावर मी आजवर खेळतेय, शिकवतेय.

निवृत्त होऊन साक्रीला निघालात, तेव्हा सोंगट्यांची पेटी तुम्ही माझ्या हातात दिलीत, सुपारीसकट. मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणालात, "बरं, ऊन व्हायच्या आत घरी जा." त्यानंतर तुम्ही गेल्याची बातमीच आली.

तर हा मुलगा. रुसला, पण चार दिवसांनी जिंकलेले डाव पाठवले. मी ते बघितले आणि मला हसू आलं, कारण मला त्यात मीच दिसत होते. साधा विजय समोर असताना तो कडेने जातो, काहीतरी नक्षी मांडतो; समोरचा घड्याळाच्या घाईत असतो, त्याला फट दिसत नाही, आणि याचा आकडा वर जातो. पण वरच्या पायरीवरच्या लोकांना फट दिसते, म्हणून हा तिथे अडतो. यंत्र त्याला सांगतं की अमुक चाल थोडी कमी चांगली होती. का खेळलास, हे ते विचारत नाही. मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, साधं साधं जिंकून काय मजा?" त्याचे आजोबा धुळ्याला दुकानाच्या ओट्यावर देशी खेळायचे, हे त्याने मग सांगितलं. मी विचारण्याआधीच मला ते कळलं होतं.

काल त्याने शेवटचा डाव पाठवला. हत्तीने मात होती. त्याने प्यादं सरकवलं आणि पुढच्या चालीला प्यादेमात केली. मध्ये एक फट होती, समोरच्याला ती दिसली नाही. मी त्याला झाडलं. जिंकायचं नाहीये तुला, दाखवायचंय, असं म्हणाले, आणि खोटं कशाला सांगू, शेवटी तुमच्या बोलीतच म्हणाले. तो पुण्याचा झालेला मुलगा, पण त्याला सगळं कळलं. मग अगदी हळू म्हणाला, "फट होती ते कळलं. पण मात दिसायला कशी होती?"

पेटी माझ्या टेबलावरच असते. त्याच्याशी बोलता बोलता मी तो डाव तुमच्या सोंगट्यांवर मांडला होता. तो काळ्याकडून खेळला होता, आणि मात करणाऱ्या प्याद्याच्या जागी सुपारी होती. तिच्याकडे बघत मला "बरं" म्हणायचं होतं. तुमची शपथ, ओठांवर तेच होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. मी त्याला म्हटलं, "सुरेख होती रे."