खिळा ठोकायला मनाई

टोलेडो, मंगळवार

प्रिय डोरीन,

जोन आणि मी, आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा आता वाकतो ना? आईच्या घराचं धुराडं साफ करून घेतलंस का?

इथे काम अडलंय. निवृत्तीच्या बचत खात्यातल्या पैशांनी पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करून विकायचं आणि नफा खात्यातच ठेवायचा, असा बेत होता. घर चांगलं मिळालं. पण जन्मभर सुतारकी करून मला तिथे साधा खिळा ठोकता येत नाही. घर खात्याचं आहे, माझं नाही. मी हात लावला तर नियम मोडेल आणि सगळ्या पुंजीवर कर बसेल.

ठेकेदाराने दार वाकडं बसवलंय. मॉमी नदीत मासे आलेत, त्यामुळे तो तिथे गळ टाकून बसलाय, इकडे फिरकत नाही. काल मी स्क्रू पिळायला वाकलो, तर जोन ओरडली, "विन्स, हात खिशात घाल! एका दारापायी म्हातारपण घालवतोस का?"

खात्याचं काम बघणाऱ्या बाईंना मी विचारलं, "मुलाने केलं तर?"

"नाही. बायको, मुलं, नातवंडं, कोणीच नाही."

"आणि बहीण?"

त्यांनी नियमांची यादी चाळली. "बहीण चालेल. मजुरी मात्र खात्यातूनच द्या."

म्हणजे कायद्याच्या लेखी तू परकी आहेस. बाबांनी दोघांना एकाच बाकावर रंधा मारायला शिकवलं, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

गुडघ्याचं खरं काय ते कळव, आणि जमलं तर रंधा घेऊन ये. मी खुर्ची टाकून बसेन, हात खिशात घालून.

तुझा परका भाऊ,
विन्स