दीनाच्या हातातली बिडी

सुरत

बाबांना सलाम. प्रभू तुम्हाला सांभाळो.

मी इकडे निघालो त्या सकाळी आपली दीना चुलीच्या निखाऱ्यावर तुमची बिडी पेटवत होती. विझू नये म्हणून तिनं झुरका ओढला. मी ती बिडी घेऊन राखेत खुपसली. तुम्ही हसलात, "तूही अशाच पेटवल्यास. मेलास का?"

मेलो नाही, बाबा. पण पन्नाशीआधीच स्टेंट बसला. डॉक्टरांनी विचारलं, बिडी कधीपासून? म्हटलं, वडिलांची पेटवायचो तेव्हापासून. ते म्हणाले, लहानपणीचा धूर तेव्हाच हृदयाच्या नळ्या बिघडवू लागतो, कळतं मोठेपणी.

आता बरा आहे. जिना चढताना मध्ये जरा थांबतो, इतकंच. तुमचा खोकला कसा आहे? दीनाच्या आईनं शेतात भात लावला का?

फोनवर तुम्हाला उलट बोलवत नाही, म्हणून लिहितो. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो, पण तुमचा मान राखायला मुलीचं काळीज देणार नाही. गावच्या इमॅन्युएलबरोबर लायटर पाठवला आहे. तुमची बिडी तुम्हीच पेटवा.

काल दीनाला फोनवर सांगितलं, आजोबांनी बिडी दिली तर नाही म्हण. ती नाही म्हणेल तेव्हा तिच्यावर ओरडू नका. तो नकार माझा आहे.

तुमचाच,
दानियल