पी, दिलं तुला

३ जुलै
आलो एकदाचा! बसऱ्याच्या दक्षिणेला खजुरीच्या बागांत हे व्यसनमुक्तीचं घर. बारा खोल्या, बारा रुग्ण, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मी, मिझहर, सात वर्षं फौजेत बंदूक धरलेला नवा परिचारक. स्वयंपाकीण उम्म शाकिरने मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, की बाबा, तू कामाला आलायस की भरती व्हायला? मग ताटात मासा-भाताचा डोंगर वाढला. बाई तोंडाळ आहे, पण हाताला चव आहे.

ही वही माझ्या बायकोची, इब्तिहालची अट आहे. मी तिच्यावर दोनदा हात टाकला, दोन्ही वेळा लेकीसमोर. तिने बजावलंय, हात शिवशिवले की लिहायला बस. तीन आठवडे नीट काढलेस तर चोवीस तारखेला तबारकला घेऊन येते, नाहीतर मला माझं माहेर आहे. तबारक आठ वर्षांची आहे. मी खोलीत शिरलो की हल्ली ती भिंतीकडे सरकते. तेवढं बदललं की मला दुसरं काही नको.

७ जुलै
काम जमतंय. सगळे रुग्ण नशेच्या गोळीसाठी रडतात, पण पाच नंबरच्या हाजी चलूबची तऱ्हाच वेगळी. पन्नाशीचा माणूस, अकरा वर्षं गोळ्या खाल्लेल्या. त्याला झिंग नको, जाग हवी. दुपारी सगळं घर पंख्याखाली घोरत असतं तेव्हा हा खोलीच्या मधोमध उभा, डोळ्यांना कांदा चोळत. म्हणतो, डोळा लागला की पाहुणा येतो. पायथ्याशी बसतो, पाठ करून. त्याला चिखलाचा वास येतो.

बगदादचे डॉक्टर सिनान म्हणतात, गोळी सुटली की असं होतंच. मलाही पटलं. हाजी मला आवडतो. माझी कॉफी म्हणजे गटाराचं पाणी, असं रोज सुनावतो आणि रोज पितो.

१० जुलै
आज त्याने प्यायली नाही. मी ओतलेला कप त्याने जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पाहुण्याची मागणी आहे. यजमानाने काय हवंय ते विचारायचं नाही, आधी शब्द द्यायचा. मला वाटलं, बिचाऱ्याला घरी फोन लावायचा असेल. मी ऐटीत म्हटलं, पी, दिलं तुला.

त्याने एका घोटात कप संपवला आणि म्हणाला, माझा पाहुणा तू घे.

मी हसलो. तो रडत होता.

११ जुलै
हाजी सोळा तास झोपला. डॉक्टरसाहेबांना वाटतंय त्यांच्या औषधाचा गुण.

१३ जुलै
दुपारी आडवा झालो होतो. पायथ्याशी कोणीतरी बसलं. पाठमोरं. चिखलाचा वास नव्हता, अंड्यांचा होता.

फौजेत असताना मोसूलच्या नाक्यावर एक पांढरी गाडी थांबली नव्हती. मी गोळ्या झाडल्या. ब्रेक गेला होता, हे नंतर कळलं. मागच्या सीटवर अंड्यांचे ट्रे होते. हे मी इब्तिहाललासुद्धा सांगितलेलं नाही. पाहुण्याच्या शर्टाच्या पाठीवर पिवळा बलक वाळलेला होता. मी ओरडत व्हरांड्यात पळालो, सगळे जागे झाले आणि मला लाजेने मेल्यासारखं झालं.

१५ जुलै
हाजी आज घरी गेला. मी त्याचे पाय धरले, म्हटलं परत घे. म्हणाला, दिलेलं परत घेता येत नाही, पुढे देता येतं. त्याला हे बापाने दिलं होतं. बाप इराणच्या आघाडीवरून परतला, कप खाली ठेवला, आणि नऊ वर्षांच्या चलूबने मोठ्या माणसासारखं फुशारून म्हटलं होतं, पी, दिलं तुला. माझ्या कपाळाचं चुंबन घेऊन तो गाडीत बसला.

१७ जुलै
जप्त गोळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. एक घेतली. झोप नाही, पाहुणा नाही. देवा, किती बरं वाटलं.

१९ जुलै
आज तीन गोळ्या. आता जागेपणीही येतो. मान थोडी वळली आहे. कान दिसतो.

सकाळी उम्म शाकिरने अंडी तळली. मी तवा भिंतीवर फेकला. तिच्या दंडावर तेल उडालं. मला बघून ती आत सरकली — तबारकसारखीच.

२१ जुलै
डॉक्टरांसमोर कप ठेवला. कागदातून मान वर न करता म्हणाले, थंड होईल, पिऊन टाका. उम्म शाकिरसमोर ठेवला. तिने डोळे बारीक केले — आधी बोल काय हवंय, मग बघू. शहाणी बाई. न विचारता देईल असं कोण उरलंय? मला ठाऊक आहे कोण. ते नाव मी इथे लिहिणार नाही —

२३ जुलै
इब्तिहालला फोन केला. येऊ नका म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, या, वाट बघतोय. माझाच आवाज. पण मी नाही —

२४ जुलै
आल्या. इब्तिहाल स्वयंपाकघरात आहे. हाक मारतोय, आवाज फुटत नाही.

तबारकने कॉफी ओतली. आजोबांच्या बैठकीत बघून शिकली म्हणे. एक थेंब सांडला नाही.

कप जमिनीवर आहे. मी नाही ठेवला. डाव्या हाताने — उजवा मी वहीत अडकवून ठेवलाय, लिहितोय, लिहितोय, इब्तिहाल, लवकर ये —

तो तिच्या मागे उभा आहे. आता पूर्ण वळलाय. तोंड माझंच आहे.

वही तिच्याकडे फिरवली. तबारक, वाच. नाही म्हण. पळ. ती वहीकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. आज भिंतीकडे सरकली नाही. जवळ आली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, लाडात, हसत म्हणतेय, पी ना बाबा, दि